पहिले पंधरा फूट

दिवाळीत गावी, सोलापूरला होतो तेव्हा आईला घेऊन नवी पेठेत गेलो. पार्क चौकात रिक्षा सोडली, म्हटलं चालत जाऊ, लांब कुठंय. आईचं वय चौऱ्याहत्तर, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. फुटपाथ होता. पण त्यावर चढायलाच वीतभराहून उंच पायरी. चढलो की दहा पावलांवर एका कॉम्प्लेक्सचं गेट, गाड्या आत जाव्यात म्हणून तिथे फुटपाथ कापून उतार केलेला, उतारापलीकडे पुन्हा चढ. मग जनरेटर. मग दुकानाबाहेर काढून ठेवलेले, कपडे घातलेले पुतळे. तिसऱ्या उताराला आई थांबली आणि म्हणाली, "वर-खाली करून गुडघा दुखायलाय. खालनंच चल." आम्ही रस्त्यावर उतरलो. ती माझा दंड धरून, मी गाड्यांच्या बाजूला, आणि मागून हॉर्न.

त्याच आठवड्यात घरात आणि मित्रांत एकच विषय चालला होता: गावाच्या मधोमध पंधरा-वीस मजली इमारती याव्यात की नकोत. जून २०२३ मध्ये विमानांना अडथळा नको म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची नव्वद मीटरच्या आसपास उंच चिमणी पाडली, तेव्हापासून सोलापुरात उंचीचा विषय निघाला की आवाज चढतात. माझा भाऊ म्हणतो, पोरं पुण्याला निघून चाललीत, इथं कामधंदा यायचा तर मोठ्या इमारती पाहिजेतच. शेजारचे काका म्हणाले, "नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतंय, ते विसाव्या मजल्यावर कोण चढवणार ते सांगा आधी."

मला दोघांचंही पटतं. पण तासभर वाद झाला त्यात इमारत जमिनीला जिथे टेकते तिथे काय असेल, हे कुणी विचारलं नाही. चालणाऱ्या माणसाच्या नजरेत खालचे पंधरा फूटच येतात. त्या कॉम्प्लेक्सला मजले किती, हे आईला आजही सांगता येणार नाही. उतार तीन होते, हे तिला पक्कं माहीत आहे.

मी चौदा वर्षं कॅनडात, व्हँकुव्हरला राहतो. शहराची हद्द धरली तर २०२१ च्या जनगणनेत तिथली वस्ती ६ लाख ६२ हजार. उपनगरं मिळवली की आकडा २६ लाखांवर जातो, पण मी बोलतोय ते मधल्या शहराबद्दल. सोलापूर २०११ मध्येच साडेनऊ लाखांचं होतं. तेव्हा 'ते महानगर, आपलं खेडं' म्हणून तुलना सोडून द्यायचं कारण नाही.

तिथे फॉल्स क्रीक नावाची खाडी गावात शिरते. तिच्या उत्तर काठावर एके काळी लाकूड कापायच्या गिरण्या आणि रेल्वेची यार्डं होती. तिथे १९८६ चं जागतिक प्रदर्शन भरलं आणि नंतर ती सलग जमीन एका विकासकाला विकली गेली. आपल्या लक्ष्मी-विष्णू मिलच्या जमिनीसारखीच गोष्ट: गिरणी गेली, जागा उरली, आता काय करायचं? व्हँकुव्हरच्या नियोजन विभागाने, त्यात लॅरी बीस्ली यांचं नाव हटकून घेतलं जातं, उंचीला हो म्हटलं, पण त्या बदल्यात खाली अटी घातल्या. टॉवर बारीक हवा, एका मजल्याचं क्षेत्र साडेसहा हजार चौरस फुटांच्या आसपास. दोन टॉवरांत ८० फूट अंतर, म्हणजे ऊन आणि वारा खालपर्यंत पोचतो. पायथ्याशी रस्त्याला लागून बुटकी, दोन-चार मजली बांधणी, आणि तिच्यात एक तर दुकानं नाहीतर थेट फुटपाथवर दार उघडणारी घरं. गाड्या जमिनीखाली, आणि त्यांची वाट शक्यतो मागच्या गल्लीतून.

कागदावर हे रुक्ष वाटतं. मला ते कळलं २०१९ च्या उन्हाळ्यात, आई तीन महिने आमच्याकडे होती तेव्हा. आम्ही भाड्याने राहायचो त्या टॉवरच्या पायथ्याशी आठ घरांची ओळ होती. प्रत्येक घराला फुटपाथपासून चार पायऱ्या आणि पायऱ्यांशेजारी हातभर मातीचा तुकडा. पायऱ्यांमुळे घराची जमीन दोन-तीन फूट वर, म्हणून आतल्या माणसाला रस्ता दिसतो आणि रस्त्यावरच्याला आत डोकावता येत नाही. आई रोज संध्याकाळी काठी घेऊन त्या ओळीवरून जायची. तिसऱ्या दारात एक चिनी आजी कांद्याची पात लावायच्या. आईला इंग्रजी येत नाही, त्यांना बहुधा फारसं येत नसावं. आधी नुसतं हसणं, मग पायरीवर बसणं, मग एक दिवस आई मूठभर पात घेऊन वर आली आणि रात्री पातीचा झुणका झाला. त्या पायरीवर बसल्या की दोघी रस्त्याकडे बघत राहायच्या. कोण आलं, कोण गेलं, कुणाचं पोर सायकलवरून पडलं, सगळं त्यांना ठाऊक. परत यायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "हितं वाडा उभा केलाय, पण ओटा ठेवलाय."

यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही.

तिथलं सगळं घ्यावं असं मात्र मी म्हणणार नाही. व्हँकुव्हरमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला घर घेणं जवळजवळ अशक्य झालंय, आणि देखण्या रस्त्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर हेस्टिंग्ज स्ट्रीटवर माणसं फुटपाथवर झोपतात. काही ठिकाणी पायथ्याचा अख्खा कोपरा एखाद्या मोठ्या दुकान-साखळीला दिलाय आणि तिने काचेवर आतून चित्रं चिकटवलीत; तिथून चालताना भिंतीकडेनं चालल्यासारखं वाटतं. रात्री नऊनंतर कित्येक रस्ते ओस पडतात. सोलापुरात त्याच वेळेला लोक जेवून बाहेर पडलेले असतात, सात रस्त्याला गाड्यांवर गर्दी असते, बायका-पोरं निर्धास्त फिरतात. ही वर्दळ कुठल्याही नियोजन विभागाला नकाशावर काढून आणता येत नाही. ती आपल्याकडे आहे. तिला चालायला जागा तेवढी नाही.

शाळेपासूनचा एक मित्र बांधकामात आहे. त्याच्यासमोर हे सगळं बोललो तेव्हा तो उखडला. "तुला तिकडं बसून काय कळतंय बे? पार्किंगचा तक्ता भरला नाही तर नकाशा पास होत नाही. तळघर काढायचं तर थोडं खोदलं की काळा दगड लागतोय. ब्रेकर लावून दोन-दोन महिने घालवू? गिऱ्हाईक तो खर्च देणार हाय का? म्हणून खाली स्टिल्ट, नुसते खांब आणि पार्किंग."

त्याचं खोटं नाही. आपण दख्खनच्या बसाल्टवर बसलोय, आणि तळघर खोदणं हा इथे खरोखर पैशाचा प्रश्न आहे. शिवाय डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत पार्किंगचा स्टिल्ट एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या हिशोबात, धरत नाहीत. म्हणजे खालचा मजला गाड्यांना देणं बिल्डरला फुकटात पडतं. नियमच ज्या दिशेला ढकलतो तिकडे सगळे जातात, आणि अख्ख्या रस्त्याच्या कडेला खांब, शटर, वॉचमनची केबिन आणि कंपाउंडची भिंत एवढंच उरतं. पूर्वी मिलच्या लांबच लांब भिंतीकडेनं रात्री जायला लोक कचरायचे. मिल गेली, तिच्या जागेवर घरं आली, पण भिंत राहिलीच.

मी त्याला म्हटलं, तळघर नको. स्टिल्टमधली रस्त्याकडची पंधरा-वीस फुटांची पट्टी तेवढी सोड. तिथे छोटे गाळे काढ: झेरॉक्सवाला, दवाखाना, शिंपी, चहा. गाड्या त्यांच्या मागे. गेट एकच ठेव. त्या गेटासमोर फुटपाथ खाली उतरवू नकोस, तो एका पातळीत सरळ जाऊ दे. गाडीने हळू चढावं आणि उतरावं, तिला इंजिन आहे. ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर बाजूला घाल, अग्निशमनाच्या गाडीची वाट सोडून. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, गाळ्यांना भाडं चांगलं येतं हे खरंय, पण गाळे काढले की त्यांच्या गिऱ्हाइकांचं पार्किंग वेगळं द्यावं लागतं, परत तिथंच अडकतो.

इथे महापालिकेने आणि राज्याने हात घालायला हवा. व्हँकुव्हरने २०१९ पासून डाउनटाउनमध्ये निवासी इमारतींना किमान पार्किंगची सक्तीच काढून टाकली. सिटी बस भरवशाची होत नाही तोवर सोलापुरात एकदम एवढं जमणार नाही, हे मला कळतं. पण ज्या पेठांत माणूस पंधरा मिनिटांत कुठेही चालत पोचतो, तिथे रस्त्याकडच्या लहान गाळ्यांना तरी ही सक्ती कशाला? टिळक चौकातल्या जुन्या दुकानदाराने कुठे पार्किंग दिलं होतं?

आणि सावली. व्हँकुव्हरला वर्षातले दीडशेहून जास्त दिवस पाऊस असतो, म्हणून तिथे दुकानांच्या ओळीवर फुटपाथ झाकणारी सलग छत असावं, असं नियोजन विभागच सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो. दुपारी एक ते पाच गाव बंद असल्यासारखं असतं. दुकानदार बिचारा हिरवी जाळी नाहीतर ताडपत्री बांधतो, आणि ती अतिक्रमणात जाते. सावली हवी असलेल्या गावात सावली बेकायदा, याचं मला फार वाईट वाटतं. एक जण पत्रा पुढे काढतो, दुसरा त्याहून पुढे, आणि मग सगळंच तोडावं लागतं, हेही खरं. म्हणूनच छताची उंची आणि रुंदी ठरवून ते नव्या इमारतीच्या नकाशातच सक्तीचं करायला हवं. ही काही परदेशी कल्पना नाही. मुंबईत फोर्टमध्ये दादाभाई नौरोजी रस्त्यावर वेगवेगळ्या मालकांच्या इमारती आहेत, पण तळाशी कमानीखालून सलग चालता येतं, कारण इंग्रजांच्या काळात तशी अटच होती. सोलापूरचं ऊन तर मुंबईच्या कितीतरी पट कडक.

हे गाव चालणाऱ्यांनीच वसवलंय. जुनी मिल १८७७ मध्ये उभी राहिली, आणि पुढची शंभर वर्षं भोंगा झाला की कामगार डबा घेऊन चालत कुठल्या ना कुठल्या मिलला जायचे. माझे आजोबा त्यातले. घरापासून मिलपर्यंत वाटेत कुठे पाणी मिळेल, कुठल्या ओट्यावर दोन मिनिटं टेकता येईल, हे त्यांना पाठ होतं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आजही नंदीध्वजांच्या उंच काठ्या रस्त्यावरून चालतात आणि सगळं गाव त्यांच्या मागे चालतं. त्या चार दिवसांत आपल्याला चालायचं आठवतं.

कायदाही आता चालणाऱ्याच्या बाजूने आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळ्या फुटपाथवरून चालण्याचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्ये धरला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या सूचनांत चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे आणि फुटपाथची कड १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नको असंही म्हटलंय. नवी पेठेत आई जिथे अडली तिथली कड मी वितीने मोजली. वीत आणि वर चार बोटं भरली.

सोलापुरात उड्डाणपूल व्हावेत की नकोत, त्याबद्दल थोडंच. व्हँकुव्हरमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस गावातून महामार्ग काढायचा बेत होता. चायनाटाउनमधली माणसं उभी राहिली आणि तो थांबला; दोन पूल तेवढे बांधून झाले. जड वाहनं आपल्या गावातून जातात आणि माणसं मरतात, म्हणून आपल्याकडे पूल नकोच असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण पुलाचा नकाशा दाखवतात तेव्हा त्याच्या खालून रस्ता ओलांडणारी बाई कुठून जाणार, ते कुणीतरी बोट ठेवून विचारावं.

परवा त्या मित्राने नव्या साइटचा नकाशा फोनवर पाठवला. बारा मजले. तळमजल्यावर रस्त्याकडे चार गाळे, गेट एक, कोपऱ्यावर तीन पायऱ्यांचा कट्टा. गाड्या मागे. खाली लिहिलं होतं, "बघ आता, पास होतोय का ते." मी लगेच आईला व्हिडिओ कॉल केला आणि कट्टा दाखवला. तिने चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "तोंड कुठल्या दिशेला हाय?"

पश्चिमेला, मी म्हटलं.

"मग दुपारनंतर कोण बसणार तिथं? वर काहीतरी घालायला सांग त्याला."

मित्राला तेवढाच निरोप दिलाय. उत्तराची वाट बघतोय.