ऑरेगॉनची वाट: बैल, धाव आणि 640 एकर (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. ऑरेगॉनची वाट, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वसाहतकरी गाड्या घेऊन अमेरिकेच्या पश्चिमेला ज्या रस्त्याने गेले तो रस्ता. त्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: एवढ्या लांबच्या प्रवासाला बैल जोडत होते हे पटत नाही, घोडेच असणार. मूळ रहिवाशांचे हल्ले मी दोन ओळींत गुंडाळले. तिथे पोचलेल्या 'प्रत्येक जोडप्याला' सरकारकडून '640 एकर' जमीन मिळे, हे चूक आहे. आणि एकूणच पीठ, मीठ, वंगण यांचे हिशेब मांडून मी त्या लोकांच्या धाडसाचं वाणसामान करून टाकलं. 640 चा आक्षेप बरोबर आहे, त्याकडे शेवटी येतो. बाकीच्यांवर मात्र मी ठाम आहे, आणि त्याचं कारण त्या वाणसामानातच आहे.

मिसूरीतल्या इंडिपेंडन्स गावापासून ऑरेगॉनमधल्या विलामेट खोऱ्यापर्यंत वाट सुमारे 3,200 किलोमीटरची. बैल तासाला तीनेक किलोमीटर चालतात, दिवसाला 20 ते 25 किलोमीटर पदरात पडतात, म्हणजे नुसतं चालणंच साडेचार-पाच महिन्यांचं. घोडा याहून जलद, हे खरंच. पण रोज जड ओझं ओढणाऱ्या घोड्याचं नुसत्या गवतावर भागत नाही, त्याला दाणा लागतो. पाच महिन्यांचा दाणा गाडीत भरला तर माणसांचं पीठ ठेवणार कुठे? बैल रवंथ करणारा, वाटेतल्या खरखरीत गवतावर निभावून नेतो. शिवाय स्वस्त, चोरीची भीती कमी, आणि अगदीच वेळ आली तर कापून खाता येतो. खेचरंही असत, पण महाग. बहुतेक गाड्यांना बैलच होते.

हाकण्याची रीत आपल्यापेक्षा वेगळी. वेसण नाही, कासरा नाही, गाडीवर बसलेला गाडीवानही नाही. मानेवर लाकडी जू, गळ्याखालून वाकवलेल्या लाकडाची कमान, आणि माणूस डाव्या अंगाने पायी चालत हाका देणार: 'जी' म्हणजे उजवीकडे, 'हॉ' म्हणजे डावीकडे. एका गाडीला दोन ते तीन जोड्या. शिकलेली जोडी सर्वांत पुढे, सर्वांत दणकट जोडी गाडीच्या दांडीला. पत्रीचं, म्हणजे खुराला लोखंडी नाल ठोकण्याचं, काम मात्र आपल्याकडच्यासारखंच. खूर दुभंगलेला, म्हणून प्रत्येक पायाला दोन तुकडे. सहा बैलांना 48. घोडा पत्री मारताना तीन पायांवर उभा राहतो, बैल राहत नाही, त्याला आडवा पाडून बांधावा लागे. लोहार किंवा लोखंड नसेल तर झिजलेल्या खुरांना कच्च्या चामड्याचे बूट बांधत.

सिनेमात दिसणाऱ्या नावेच्या आकाराच्या प्रचंड गाड्याही या वाटेवर फारशा नव्हत्या. त्या पूर्वेकडच्या मालवाहतुकीच्या. इथे त्यांनी बैल मारले असते. इथली गाडी साधी शेताची, साधारण तीन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद, वर जवसाचं तेल पाजलेलं कापड. ती फार तर 900 ते 1,100 किलो वाहायची. आता जोएल पामरने 1847 मध्ये दिलेली यादी घ्या. हा स्वतः 1845 मध्ये ही वाट चाललेला माणूस. दर प्रौढ माणसामागे 90 किलो पीठ, 34 किलो खारवलेलं डुकराचं मांस, साडेतेरा किलो कडक बिस्किटं, 11 किलो साखर, साडेचार किलो तांदूळ, तेवढंच मीठ, सव्वादोन किलो कॉफी, वर वाल, सुकी फळं, मक्याचं पीठ. बेरीज 200 किलोच्या आसपास जाते. घरात चार मोठी माणसं असली की 800 किलो अन्नातच गेले! तंबू, हत्यारं, अंथरूण, दारूगोळा अजून बाकीच आहे. म्हणून वाटेतल्या फोर्ट लॅरमी या ठाण्याच्या आसपास लोखंडी चुली, पेट्या आणि चक्क मांसही रस्त्याकडेला टाकलेलं आढळायचं. आणि म्हणूनच धडधाकट माणसं गाडीत बसत नसत, वाट पायी तुडवत.

मूळ लेखात चाकाबद्दल मी जे लिहिलं त्याला तुम्ही 'सुतारकी' म्हणालात. पण गाडी मोडायची ती बहुधा चाकातच. प्लॅट नदीच्या वरच्या अंगाला हवा इतकी कोरडी की आरे आणि पुठ्ठे (चाकाच्या कडेचे लाकडी तुकडे) आकसतात, त्यांच्यावर चढवलेली लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, मात्र आहे तेवढीच राहते. मग ती खुळखुळते आणि एखाद्या दगडावर निसटते. धाव गेली की लाकूड फार टिकत नाही. रात्रभर चाकं नदीत भिजत ठेवणं हा सोपा उपाय. तो एक-दोन दिवसांचा, कारण लाकूड सुकलं की पुन्हा तेच. दुसरा उपाय धाव आणि पुठ्ठ्यांमध्ये लाकडी पाचरी ठोकण्याचा. खरा इलाज एकच: धाव कापून आखूड करायची, सांधायची, लाल तापवून चढवायची आणि पाणी ओतायचं. गावच्या लोहारशाळेत ज्याने हे पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. आखाला डांबर आणि चरबीचं वंगण, त्याची बादली मागच्या आखाखाली टांगलेली. ती रिकामी झाली की त्याच मांसाची चरबी वापरायची. वाणसामान!

निघायची वेळही गवतच ठरवी. एप्रिलअखेरच्या आधी निघालात तर चारा उगवलेला नाही, मे उलटू दिलात तर पुढे गेलेल्यांच्या बैलांनी तो फस्त केलेला, आणि शेवटी ऑरेगॉनच्या डोंगरांत बर्फ. म्हणून 4 जुलैपर्यंत इंडिपेंडन्स रॉक हा वाटेवरचा मोठा खडक गाठायचा हा आडाखा, तोही वाट निम्मी व्हायच्या आतच. वाटेत खारवट डबकीही लागत. ते पाणी पिऊन बैल कोसळत. मग व्हिनेगर आणि चरबी त्यांच्या घशात ओतत.

हल्ल्यांचं म्हणाल तर दोन ओळी लिहिल्या त्या मोजून. 1840 ते 1860 या काळाची जी मोजणी सर्वाधिक मानली जाते, तीत वाटेवर मूळ रहिवाशांकडून मारले गेलेले प्रवासी 362 आणि प्रवाशांकडून मारले गेलेले मूळ रहिवासी 426. त्यातले बहुतेक प्रसंग साउथ पास या रॉकी पर्वतातल्या खिंडीच्या पश्चिमेचे, म्हणजे सिनेमातल्या सपाट मैदानांवरचे नव्हेतच. त्याच वाटेवर एकूण मृत्यूंचा अंदाज हजारोंचा आहे, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा पटकीचा, म्हणजे कॉलराचा. 1849 ते 1852 मध्ये प्लॅटच्या काठी एकाच मुक्कामाच्या जागी रोज नवी माणसं उतरत, काठाशीच उथळ खड्डे खणून पाणी पीत, आणि शौचालाही तिथेच बसत. कारण ठाऊक नव्हतं, कॉलराचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ कॉखने ओळखला तो 1880 च्या दशकात. उपचार म्हणून अफूचा अर्क आणि पाऱ्याचं जुलाब. शरीरातलं पाणी आधीच संपत आलेल्या माणसाला जुलाब! त्याशिवाय नदी उतरताना बुडणं, चुकून सुटलेली बंदूक, चालत्या गाडीवरून उतरताना चाकाखाली आलेली मुलं. उलट स्नेक नदीच्या उतारावर वाट दाखवणारे आणि सॅमन मासे विकणारे मूळ रहिवासीच होते.

शेवटचा टप्पाही घ्या. कोलंबियाकाठच्या डॅल्सपासून पुढे एक तर तराफ्यावरून कोलंबिया नदी, नाहीतर 1846 पासून बार्लोचा रस्ता: गाडीला 5 डॉलर, दर जनावराला 10 सेंट. या रस्त्यावरच्या लॉरेल हिलचा उतार असा की गाडीमागे आख्खं झाड बांधून ओढत नेत आणि दोर बुंध्याला गुंडाळून हळूहळू सोडत. धाडस नव्हतं असं मी म्हटलेलंच नाही. दोर सुटला की गाडी गेली, एवढंच सांगतोय.

आता 640 एकर. इथे माझी चूक झाली. 1850 च्या देणगी जमीन कायद्यानुसार 1 डिसेंबर 1850 च्या आधी तिथे वस्ती केलेल्या जोडप्याला 640 एकर, एकट्या पुरुषाला 320. त्यानंतर आलेल्यांना याच्या निम्मे, आणि 1 डिसेंबर 1855 ला योजना संपली. जोडप्याच्या जमिनीतली अर्धी बायकोच्या स्वतःच्या नावावर. अट चार वर्षं राहण्याची आणि जमीन कसण्याची. गोऱ्यांना, आणि एक पालक मूळ रहिवासी असलेल्या पुरुषांना हा हक्क, काळ्यांना नाही. त्यांना तर ऑरेगॉनमध्ये नव्याने येऊन राहायलाच बंदी घालणारं कलम 1857 च्या राज्यघटनेत आलं आणि 1926 पर्यंत कागदावर टिकलं.

तुमच्या प्रतिक्रियेत 'फुकट, मोकळी जमीन' असा शब्द आहे, तो मात्र मला मान्य नाही. विलामेट खोरं कालापुया या मूळ रहिवाशांचं होतं. 1830 च्या दशकातल्या हिवतापाने त्यांची वस्ती विरळ झाली होती, पण माणसं तिथेच होती. त्यांच्याशी जमिनीचा जो करार अमेरिकेने मंजूर केला तो जानेवारी 1855 चा, म्हणजे वाटप सुरू झाल्यावर चार वर्षांनी, आणि त्यावर सरकारच्या वतीने सही करणारा होता तोच पीठ-साखरेची यादी देणारा जोएल पामर. पुढच्याच वर्षी त्यांना ग्रँड रोंडच्या राखीव जागेत हलवण्यात आलं.

मूळ लेखातलं 640 चं वाक्य तारखांसकट दुरुस्त केलं आहे. चाकाचा भाग तसाच ठेवलाय.