आधी मागणी, मग कारण

सोसायटीची सभा असो वा घरातली चर्चा, मुद्दा बाजूला राहतो आणि उणीदुणी निघतात, ही आपल्याकडची जुनी तक्रार. त्यावर परदेशस्थ मराठी माणसाचं उत्तर ठरलेलं असतं: इकडचे लोक मुळातच शांत. स्वित्झर्लंडमध्ये राहून मला ते पटत नाही. इथल्या शांतपणात स्वभावापेक्षा रीतीचा वाटा मोठा आहे.

ग्लारुस या छोट्या कॅंटनचे, म्हणजे प्रांताचे, नागरिक मे महिन्यात एका रविवारी चौकात जमतात आणि मतदानाचं कार्ड उंचावून कायदे ठरवतात. 16 वर्षं पूर्ण झालेल्या कुणाही मतदाराला तिथे बोलता येतं. प्रस्तावांची पुस्तिका आधीच घरोघरी पोहोचलेली असते. वक्त्याने सुरुवातीलाच आपल्याला काय हवं ते सांगायचं: प्रस्ताव फेटाळा, अमुक कलम बदला, पुढे ढकला किंवा परत पाठवा. कारण सांगायचं ते त्यानंतर, थोडक्यात. ज्या विषयावर कुणीच बोलत नाही तो मताविना मंजूर. 2006 मध्ये सरकारने तिथल्या 25 गावपालिकांच्या 10 करायचं सुचवलं होतं. एका नागरिकाने उभं राहून 3 च करा अशी उपसूचना मांडली आणि ती मंजूर झाली. 2011 पासून तिथे 3 पालिका आहेत.

आता आपल्या सोसायटीत लिफ्टचा विषय घ्या. कुणीतरी उठून म्हणतं, 'मागच्या रंगकामात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.' या वाक्यातून मागणी कोणती? लिफ्ट बदलूच नका, ठेकेदार दुसरा घ्या, की आधी तीन दरपत्रकं मागवा? तिन्ही शक्य आहेत. मागणीच कळली नाही तर उत्तर द्यायचं कशाला? मग उत्तर माणसाला दिलं जातं, आणि सचिव रंगकामाचा हिशेब मांडत बसतात. भांडणाचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं, आवाजाच्या पट्टीत नसतं.

दुसरी खोट विषयपत्रिकेत असते. वार्षिक सभेची नोटीस 14 दिवस आधी येते खरी, पण तिच्यात 'लिफ्टबाबत विचार करणे' एवढंच लिहिलेलं असतं. रक्कम नाही, पर्याय नाही. खरा वाद 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय' इथे पेटतो, जिथे कुणाचीच तयारी नसते.

यासाठी आल्प्सकडेच बघायला हवं असं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट आणि ग्रामसभा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. अभ्यासगटात फक्त समजून घ्यायचं, प्रश्न विचारायचे. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. मला ही रीत ग्लारुसपेक्षा सरस वाटते, कारण विचार करताना कुणाला बाजू राखावी लागत नाही. तिला वेळ मात्र भरपूर लागतो.

आणि नुसत्या शिस्तीने वाद न्याय्य होत नाही. आपेनझेल इनररोडन या दुसऱ्या कॅंटनमध्ये ग्लारुससारखीच सभा भरते. तिथल्या पुरुषांनी 1990 मध्येही स्त्रियांना मताधिकार नाकारला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाला तो द्यायला लावावा लागला. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती कागदावर उरकली जाते तिथे भांडावं, पण तरतूद मोलाची आहे.

सोसायटीपुरतं सांगायचं तर नोटिशीत ठराव रकमेसकट, एका वाक्यात छापावा. बोलणाऱ्याला अध्यक्षांनी पहिला प्रश्न 'तुमची सूचना काय?' हा विचारावा. मतं घेताना उपसूचना आधी, मूळ ठराव नंतर. उलट केलं तर उपसूचनेला अर्थच उरत नाही. आणि इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' लिहिणं थांबवून प्रत्येक उपसूचना, तिचं मुख्य कारण आणि दोन्हीकडची मतं नोंदवावीत, म्हणजे पुढच्या वर्षी रंगकामाबद्दल कुणाला आठवणीवर भांडावं लागणार नाही.