ड्युटी किती, यापेक्षा ड्युटी कधी

फ्री झोनचा विषय निघाला की समोरच्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "तिथे टॅक्स लागत नाही ना?" आयात-निर्यातीच्या कागदांत बरीच वर्षं घालवल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा उतरतो, म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

फ्री झोन किंवा मुक्त व्यापार क्षेत्र म्हणजे देशाच्या हद्दीत असलेली, पण कस्टम्सच्या हिशेबात देशाबाहेर धरलेली जागा. कंटेनर बंदरातून तिथे गेला तरी कायद्याच्या दृष्टीने माल अजून देशात 'आलेला' नसतो. माल कुंपणाबाहेर, देशातल्या बाजारात निघाला की मग ड्युटी, म्हणजे आयात शुल्क. बाकीचे सगळे फायदे या एका कल्पनेतून निघतात.

समजा 100 चा माल आणलाय, ड्युटी 20 टक्के. नेहमीच्या वाटेने आणला तर माल सोडवतानाच 20 भरायचे, मग तो विकायला दहा महिने का लागेनात. झोनमध्ये ठेवला तर दर महिन्याला 10 चा माल काढायचा आणि त्यावरचे 2 भरायचे. शेवटी बेरीज तीच, 20. पण दरम्यान जी रक्कम हातात राहिली तिच्यावर बँकेचं व्याज वाचलं, किंवा तिच्यातून पुढची ऑर्डर निघाली. ज्यांचा माल सावकाश खपतो आणि ड्युटी भारी आहे, त्यांना हा फायदा करसवलतीपेक्षा मोठा पडू शकतो. जाहिरातीत मात्र हे कधी दिसत नाही. 'शून्य टक्के' लिहिणं सोपं, खेळत्या भांडवलाचं गणित समजावणं कटकटीचं!

आणि तो माल देशात विकायचाच नसेल तर ड्युटीचा प्रश्नच मिटतो. पनामातलं कोलोन फ्री झोन 1948 पासून मुख्यतः यावरच चाललंय. मोठ्या खेपा येतात, तिथे फोडून, लेबलं लावून, लहान लहान खेपांनी लॅटिन अमेरिकेतल्या देशांत जातात. झोन नसता तर आधी ड्युटी भरा, मग माल बाहेर पाठवा, मग परताव्याचा अर्ज करा आणि वाट बघा. परताव्याची वाट ज्याने पाहिली आहे त्याला जास्त सांगायला नको.

कारखानदारांसाठी यात आणखी एक गंमत आहे. कित्येकदा सुट्या भागांवरची ड्युटी तयार वस्तूपेक्षा जास्त असते. अमेरिकेत वर्षानुवर्षे मोटारीवर 2.5 टक्के आणि मोटारीच्या वायरिंग हार्नेसवर (तारांच्या बांधीव जुडग्यावर) 5 टक्के असा प्रकार होता. 1934 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या तिथल्या झोनमध्ये गाडी जोडली, तर आयात केलेल्या भागांवर तयार गाडीचा दर लावून घेता यायचा. तिथले मोटार कारखाने झोनच्या दर्जासाठी धडपडत होते ते यासाठी. शिवाय काम करताना जे कातरण, भंगार होतं त्यावर ड्युटी वाचते, आणि प्रत्येक खेपेऐवजी आठवड्याचा मिळून एकच कस्टम्स दाखला करता येतो, म्हणजे फीसुद्धा कमी. पण 2025 च्या नव्या टॅरिफच्या, म्हणजे जादा आयात शुल्काच्या वेळी तिथल्या सरकारने अट घातली, की त्या टॅरिफमध्ये येणाऱ्या मालाचा दर तो झोनमध्ये शिरतानाच पक्का होईल. दराच्या फरकावरचा खेळ त्या मालापुरता एका आदेशात संपला. नुसत्या या फरकावर ज्याने कारखान्याचं गणित बसवलं असेल, त्याचं काय झालं असेल याचा विचार करा.

आता जागेबद्दल. आयर्लंडमधल्या शॅननची गोष्ट मला फार आवडते. अटलांटिक ओलांडणारी विमानं इंधनासाठी तिथे उतरायची. जेट विमानं आली तशी थांबायची गरज संपत चालली, विमानतळ ओस पडायची वेळ आली. तेव्हा 1959 मध्ये विमानतळाला लागूनच फ्री झोन काढलं आणि उद्योगांना बोलावलं. नुसती सवलत देऊन ते चाललं नसतं. धावपट्टी दारात होती, कारखान्यासाठी जागा तयार होती.

दुबईच्या जेबेल अलीचंही तेच. झोन 1985 चं, पण त्याआधीच शेजारी मोठं बंदर उभं होतं. तिथला आणखी एक मोठा फायदा मालकीचा. झोनबाहेर परदेशी माणसाला बहुतेक धंद्यांत 51 टक्के वाटा स्थानिक भागीदाराला द्यावा लागायचा, झोनमध्ये पूर्ण मालकी मिळायची. 2021 मध्ये बाहेरचीही अट बऱ्याच धंद्यांसाठी गेली. 2023 पासून तिथे 9 टक्के कंपनी कर आला. अटी पाळणाऱ्या झोनमधल्या कंपनीच्या 'पात्र' उत्पन्नावर अजून 0 आहे, पण पात्र कशाला म्हणायचं ते नियमांत बारकाईने वाचावं लागतं. ब्रोशरमध्ये ते बारीक अक्षरांत असतं.

ही चढाओढ जुनीच आहे म्हणा. इसवी सनपूर्व 166 मध्ये रोमने ग्रीसमधल्या डेलॉस बेटाला करमुक्त बंदर केलं आणि ऱ्होड्स बेटाचं बंदराचं उत्पन्न धाडकन कोसळलं. व्यापारी तेव्हाही हिशेबीच होते.

माझं मत विचाराल तर, ज्याचा सगळा माल देशातच आणि पटापट खपतो, ज्याची ड्युटी मुळात किरकोळ आहे, त्याने झोनच्या नादी लागू नये. परवाना, भाडं, नगानगाचा स्टॉक हिशेब, मधूनच येणारी कस्टम्सची तपासणी, हे सगळं मागे लागतं. स्टॉकमध्ये चार पेट्यांचा फरक निघाला तर त्यांची ड्युटी भरा, वर दंडही होऊ शकतो. सल्लागाराला हे विचारा, बहुतेक वेळा तो विषय बदलतो.

म्हणून मी हल्ली विचारणाऱ्याला उलट तीन गोष्टी विचारतो. माल सरासरी किती दिवस गोदामात पडून असतो? त्यातला किती पुन्हा बाहेरच्या देशात जातो? तयार वस्तूवर आणि तिच्या भागांवर वेगवेगळी ड्युटी किती? परवा एकाने यातल्या पहिल्याच प्रश्नावर "बघून सांगतो" म्हणून फोन ठेवला. त्याने ऑफिससाठी झोनमधला गाळा मात्र आधीच बघून ठेवलाय, खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे.