काड्यांनी गणित बिघडत नाही

जून उजाडला की एक मजकूर पालकांच्या गटांत फिरायला लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, सूर तोच. प्राथमिक शाळेत हल्ली काड्या, मणी, माती आणि गाणी यांतच दिवस जातो. पाढे आणि शुद्धलेखन मागे पडलं. छडी गेली तसा धाक गेला आणि पोरं नाजूक झाली. वर हे सगळं म्हणे परदेशातून आणलेलं फॅड, पैसेवाल्या शाळांना परवडणारं. शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. हा मजकूर मला पालकांकडून आला, भावकीतून आला, एकदा तर एका सहशिक्षकांकडूनही आला. तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

वजनदार मुद्दा आधी घेते: काड्या-मण्यांत वेळ जातो आणि गणित कच्चं राहतं.

दुसरीच्या वर्गात ‘पंचवीस’ लिहायला सांगा. सुरुवातीच्या महिन्यांत दोन-चार पाट्यांवर ५२ दिसणारच. ते मूल मठ्ठ नसतं, ऐकलं तसं लिहितं. कानावर आधी पाच पडतात आणि मग वीस. एकोणतीसची तऱ्हा त्याहून अवघड, बोलायचं तीस आणि लिहायचे दोन नि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन दिलं तेव्हा किती टिंगल झाली, ते अनेकांना आठवत असेल. प्रकरण विधानसभेत गेलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर कारण समजावून सांगत होत्या, पण विनोदांच्या गर्दीत ते कोण ऐकतो! टिंगल करणाऱ्यांपैकी किती जण कधी पाटीवरचं ते ५२ पुसायला बसले होते, कुणास ठाऊक.

आमच्याकडे याचा इलाज स्वस्त आहे. दहा काड्या मोजायच्या, रबर लावून गठ्ठा करायचा. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या म्हणजे पंचवीस. गठ्ठ्यांची संख्या डावीकडे, सुट्यांची उजवीकडे. हे हाताने पुष्कळदा झालं की ५२ लिहिणारं मूल स्वतःच थबकतं, कारण पाच गठ्ठे त्याच्यासमोर नसतात.

वजाबाकीत तर फरक उघड दिसतो. ४२ मधून १७ वजा करताना नुसती रीत पाठ केलेली मुलं सर्रास ३५ उत्तर काढतात. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवले, झालं. आता तेच गणित चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या देऊन करायला सांगा. सात काड्या द्यायच्या आहेत आणि हातात दोनच आहेत. मूल इकडे-तिकडे बघतं आणि मग एका गठ्ठ्याचं रबर सोडतं. बारा झाल्या, सात गेल्या, पाच उरल्या. उरलेल्या तीन गठ्ठ्यांतला एक गेला, दोन राहिले. पुढे वहीत चार खोडून तीन आणि दोनाचे बारा लिहिताना हातांनी काय केलं होतं हे त्याला ठाऊक असतं. या कामाला दोन-तीन तासिका जास्त लागतात, कबूल. चौथीपर्यंत दरवर्षी वजाबाकी पहिल्यापासून शिकवण्यात जो वेळ जातो तो मात्र कुणी मोजत नाही.

काड्या कायमच्या नाहीत, हेही सांगते. गठ्ठ्यावरून चित्रावर, चित्रावरून अंकांवर यायचं आणि काड्या कपाटात जायच्या. ज्या वर्गात त्या कपाटात जातच नाहीत, तिथे मजकूरवाल्यांची तक्रार रास्त आहे. २०१३ मध्ये अशा वस्तूंच्या वापरावरच्या ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नुसत्या चिन्हांनी शिकवण्यापेक्षा वस्तू घेऊन शिकवलेलं मुलांच्या लक्षात अधिक राहतं, असं त्यात दिसलं. पण वस्तू हाताळताना शिक्षक मार्गदर्शन किती करतात, यावर फायदा अवलंबून होता. साहित्य पुढ्यात टाकून बाई हजेरीचे तक्ते भरत बसल्या तर मुलं काड्यांची घरं बांधतील, दुसरं काय करणार?

पाढे कुणीच बंद केलेले नाहीत. माझ्या वर्गात ते रोज म्हटले जातात, ठेक्यात, मोठ्याने. सोबत मण्यांच्या पाच-पाचच्या सात रांगा करून त्याच मांडणीकडे आडव्या बाजूने बघायला लावते. सात पाचे आणि पाच साते एकच, हे एकदा दिसलं की पाठांतराचं ओझं जवळजवळ निम्मं होतं.

आता छडी. ‘आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो’ हे लिहिणारे घडलेले असतात, यातच गोम आहे. जे चौथीत शाळा सोडून गुरांमागे गेले, ते असले मजकूर लिहीत नाहीत. सरकारी आकडेवारीनुसार १९८०-८१ च्या सुमारास देशात पहिलीत आलेल्या शंभर मुलांपैकी जवळपास ५९ पाचवी पुरी होण्याआधी गळत होती. त्याला गरिबी होती, लांबच्या शाळा होत्या, मुलींची लग्नं होती. सगळं खापर छडीवर फोडण्याइतकी मी भाबडी नाही. पण त्या काळाला सरसकट ‘घडवणारा’ म्हणायचं असेल, तर गळालेल्यांनाही हिशेबात धरा.

भीतीने अभ्यास होतो, हेही अर्धंच खरं. भीतीने पोर गप्प बसतं, आणि आपल्याला ते अभ्यास करतंय असं वाटतं. आकडेमोड करताना मनात दोन-तीन गोष्टी एकाच वेळी धरून ठेवाव्या लागतात. धास्तीही तीच जागा अडवते. अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास २०१३ मध्येच आला. गणिताच्या भीतीचा फटका त्यात जास्त दिसला तो, मनात बरंच काही धरून ठेवण्याची ताकद असलेल्या मुलांना. म्हणजे ज्यांच्याकडून आपण जास्त अपेक्षा करतो, तीच आधी गारठतात.

‘मुलांचं स्वास्थ्य’ म्हटलं की काहींना फुगे आणि टाळ्या आठवतात. माझ्या वर्गात त्याचा अर्थ फार साधा आहे. लघवीला जाऊ का, हे न घाबरता विचारता यावं. चुकलेली पाटी लपवावीशी वाटू नये. आमच्याकडची काही मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. तोवर वर्गाचं पुस्तक कितीतरी पुढे गेलेलं असतं. अशा मुलाला फळ्यासमोर उभं करून विचारलं तर ते दुसऱ्या दिवशी येत नाही. त्याच्या हातात गठ्ठे दिले तर त्याला कुठपर्यंत येतं ते पाच मिनिटांत मला कळतं, आणि चारचौघांत त्याचा पाणउतारा होत नाही. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली, बोलणारी एक मुलगी कितीतरी दिवस वर्गात तोंड उघडत नव्हती. परसबागेतल्या बिया वेगळ्या करायला दिल्या तेव्हा तिला सगळ्या ओळखता येतात हे मला कळलं. ‘नाजूक’ हा शब्द या मुलांना लावायचा असेल तर एकदा उसाच्या फडात जाऊन या.

परदेशी फॅडचा आरोप थोडक्यात आटोपतो. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान हवं, असं मांडलं. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला. बालशिक्षणाचं काम उभारणाऱ्या ताराबाई मोडकांनी इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसरींकडून घेतलं, हे खरंच. पण १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, पानं, बिया, खडे यांवर काम उभं केलं, तेही पैसेवाल्यांच्या नव्हे, आदिवासी मुलांसाठी. आज तर हा कायदा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती आणि शोधातून शिकणं आहे, मुलाला भीतीपासून मुक्त ठेवणं आहे. कलम १७ मारहाणीला आणि मानसिक छळाला बंदी घालतं.

एका बाबतीत मजकूर बरोबर आहे. रात्री दहा वाजता ‘उद्या ज्वालामुखीची प्रतिकृती आणायची आहे’ असा निरोप येतो, बाप स्टेशनरीच्या दुकानात धावतो, आई थर्माकोल कापते आणि मूल झोपलेलं असतं. यात मुलाने हाताने काय केलं? काहीच नाही. असलं बंद व्हावं. फोटो काढण्यापुरते होणारे उपक्रमही त्याच माळेतले. राज्यात २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’, म्हणजे शनिवारी उपक्रमांतून शिकणं, आहे. कल्पना चांगली आहे, पण शनिवार संपायच्या आत त्याचे फोटो पाठवायचे असले की मुलांपेक्षा मोबाइलकडेच जास्त लक्ष जातं.

शिष्यवृत्तीचं काय, असंही विचारतात. त्या परीक्षेत पर्याय दिलेले असतात, आणि ४२ वजा १७ सारख्या गणिताला पर्यायांत ३५ हमखास ठेवलेला असतो.

‘एवढ्या पोरांत हे जमतं का’ हा प्रश्न मात्र खरा आहे. कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. पहिली ते चौथीच्या शाळेत याचा अर्थ एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग. अशा वेळी एक वर्ग साहित्यावर गटाने काम करत असेल तरच मला दुसऱ्याला वाचन शिकवता येतं. उलट दोन वर्गांना एकदम फळ्यावर शिकवणं अशक्य. अडचण काड्यांची नाही. जागा रिकाम्या आहेत, आणि ज्या भरलेल्या आहेत त्यांतले शिक्षक मतदार याद्या, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरण्यात अडकलेले आहेत. त्याबद्दल चार ओळी कुणी लिहिल्या, तर त्या मी स्वतः पुढे पाठवीन.