42 टक्क्यांची थाप आणि एटीव्हीचा फॉरवर्ड

"एटीव्ही घेण्याआधी हे वाचाच, डीलर कधीच सांगणार नाही" अशा मथळ्याचा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. नागावच्या माझ्या मावसभावाने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, म्हणजे होंडाच फिक्स ना?" त्याला दिवाळीच्या सीझनसाठी बीचवर चालवायला दोन जुन्या एटीव्ही, म्हणजे वाळूत पळणाऱ्या, जाड टायरच्या चार चाकी हँडलवाल्या गाड्या घ्यायच्या आहेत. टोकन द्यायच्या बेतात होता. मी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला बेल्ट-बेअरिंगच्या धंद्यात आहे. अलिबागपासून गणपतीपुळ्यापर्यंतच्या बीचवाल्यांचे तुटके पार्ट माझ्या काउंटरवर येतात, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेतल्या पाहणीनुसार कॅन-ॲमच्या शंभरातल्या 42 एटीव्ही चार वर्षांत बंद पडतात, यामाहाच्या फक्त 11. पोलारिस पेट घेते म्हणून तिच्यावर अमेरिकेत बंदी आहे. होंडा कितीही जुनी असो, डोळे झाकून घ्या. चायना माल एका सीझनमध्ये भंगारात. जपानी गाडीचं आरटीओ पासिंग सहज होतं. आणि शेवटी ठळक अक्षरात, "तीन चाकी उलटायच्या म्हणून बंद झाल्या, चार चाकी उलटत नाही, लहान मुलांनाही बिनधास्त द्या."

आधी ते 42 टक्के, कारण बाकी सगळ्या फॉरवर्डला वजन आलंय ते या आकड्यामुळे. आकडा खरा आहे. फक्त तो एटीव्हीचा नाही! कन्झ्युमर रिपोर्ट्स हे अमेरिकेतलं ग्राहकांसाठीचं नियतकालिक, कंपन्यांच्या जाहिराती न घेणारं. त्यांनी 2015 मध्ये आपल्या 11 हजारांहून जास्त वाचकांना मोटरसायकलींबद्दल विचारलं होतं. 2008 ते 2014 या काळात घेतलेल्या सुमारे 12,300 गाड्यांची ती माहिती. चौथ्या वर्षापर्यंत बिघाड होण्याचं प्रमाण यामाहाचं 11 टक्के, सुझुकी आणि होंडाचं 12, कावासाकीचं 15, हार्ले-डेव्हिडसनचं 26, डुकाटीचं 33, बीएमडब्ल्यूचं 40 आणि कॅन-ॲमचं 42. आता सांगा, बीएमडब्ल्यू आणि डुकाटीची एटीव्ही नागावच्या वाळूत कोणी पाहिली आहे? फॉरवर्ड रचणाऱ्याने नेमकी हीच नावं गाळली, कारण ती ठेवली असती तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं की हा विषय रस्त्यावरच्या गाड्यांचा आहे. कॅन-ॲमची त्यात मोजलेली गाडी म्हणजे स्पायडर, पुढे दोन चाकं आणि मागे एक. ती डांबरावर पळवायची चीज आहे.

त्याच यादीत व्हिक्टरी नावाचा ब्रँड 17 टक्क्यांवर होता, म्हणजे कावासाकीच्या जवळपास. व्हिक्टरी कोणाची? पोलारिसचीच! म्हणजे ही पाहणी एटीव्हीला लावायचीच ठरवली, तर पोलारिसबद्दलचा फॉरवर्डचा पुढचा मुद्दा तिच्यामुळेच झोपतो. शिवाय बिघाड म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडणं असं नाही. दिवे, स्विचेस, वायरिंग अशा किरकोळ तक्रारीही त्यात धरल्या होत्या. एका जातीच्या गाडीचे आकडे दुसऱ्या जातीला चिकटवायचे आणि वर "अमेरिकेतली पाहणी" असा शिक्का मारायचा, याला माहिती म्हणत नाहीत.

पोलारिसच्या आगीत मात्र निम्मं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. एप्रिल 2016 मध्ये कंपनीने 2013 ते 2016 या मॉडेल वर्षांच्या आरझेडआर 900 आणि 1000 या गाड्या परत बोलावल्या, सुमारे 1 लाख 33 हजार. आगीच्या 160 हून जास्त तक्रारी होत्या आणि गाडी उलटून लागलेल्या आगीत 15 वर्षांच्या एका सहप्रवाशाचा जीव गेला होता. दोष वेळेवर न कळवल्याबद्दल 2018 मध्ये कंपनीला 2 कोटी 72 लाख 50 हजार डॉलर दंड भरावा लागला. बदनामी कंपनीने स्वतःच्या हाताने ओढवून घेतली. पण आरझेडआरला गोल स्टिअरिंग असतं, शेजारी-शेजारी सीटा असतात, वर पाइपांचा पिंजरा असतो. बीचवर भाड्याने चालते ती हँडलवाली, पाय दोन्ही बाजूंना टाकून बसायची एटीव्ही ही नव्हे. आणि बंदी कुठेही नाही.

होंडाबद्दलचं कौतुक फुकटचं नाही. रँचर, फोरमन या तिच्या कामाच्या गाड्यांमध्ये रबरी बेल्ट नसतो, गिअर असतात. पोलारिस, कॅन-ॲम आणि बऱ्याच इतर गाड्या बेल्टवर चालतात. बेल्टच्या डब्यात पाणी शिरलं की बेल्ट घसरतो, वाळू शिरली की झिजतो. होंडाला ते दुखणंच नाही, म्हणून नाव झालं. पण "कितीही जुनी" म्हणजे काय? होंडा आपल्याकडे एटीव्ही विकत नाही. जी मिळेल ती कोणाच्या तरी हातून फिरून आलेली, मॅन्युअल नाही, पार्ट बाहेरून मागवायचे. बेअरिंगचा नंबर असेल तर मी शोधून देईन. 6204 म्हटलं की आतून 20, बाहेरून 47 आणि रुंदी 14 मिलिमीटर, मग गाडीवर नाव कोणाचंही असो. पण गिअरबॉक्सचा शाफ्ट मी कुठून आणू?

माझ्याकडे येणारी बेअरिंगं जवळजवळ एकाच रोगाने मेलेली असतात. जुन्या फडक्यात गुंडाळून आणतात. बोटाने आतली रिंग फिरवली की करकर वाजते, ग्रीसच्या जागी करडा चिखल आणि गोळ्यांवर तांबेरा. दिवसभर गाडी लाटांच्या कडेने पळवायची आणि संध्याकाळी गोड्या पाण्याने न धुता ताडपत्री टाकून झोपायचं, याचा हा हिशेब आहे. खारं पाणी टाकीवरचं नाव वाचत बसत नाही.

ब्रँडचीच भक्ती करायची तर अजून एक गंमत. काही वर्षं सुझुकीची क्वाडस्पोर्ट झेड 400 हीच गाडी कावासाकी केएफएक्स 400 म्हणूनही विकली जायची आणि आर्क्टिक कॅट डीव्हीएक्स 400 म्हणूनही. प्लास्टिक आणि स्टिकर वेगळे, यंत्र तेच. यात भरवशाची कोणती आणि टाकाऊ कोणती, ते फॉरवर्डवाल्याने सांगावं.

चायनाचं म्हणाल तर स्वस्त 110-125 सीसीच्या गाड्यांचं वेल्डिंग आणि वायरिंग रडकं असतं, हे खरंच. पण त्यातलं आडवं इंजिन मुळात होंडा कबच्या इंजिनाची नक्कल. आपली स्प्लेंडर त्याच कुळातली, त्यामुळे गावातला मेकॅनिक ते बघून घाबरत नाही. उलट सीएफमोटो या चिनी कंपनीने 2017 मध्ये केटीएमबरोबर चीनमध्ये भागीदारीत कंपनी काढली. सगळ्यांना एकाच पोत्यात भरून "भंगार" म्हणणं सोपं असतं, एवढंच.

आता तो ठळक अक्षरातला मुद्दा. बाकीच्या थापांनी पैसे जातील, या थापेने पोर जाईल. माझा पुतण्या सात वर्षांचा आहे, आणि "नाहीतरी उलटत नाही" म्हणून मावसभाऊ त्याला गाडीवर बसवायला निघाला होता.

तीन चाकीचं खरं आहे. 1988 मध्ये अमेरिकेत सरकार आणि कंपन्या यांच्यात कोर्टामार्फत करार झाला आणि नव्या तीन चाकींची विक्री थांबली. पण त्याच करारात चार चाकीबद्दलही अटी होत्या. 90 सीसीवरची गाडी 16 वर्षांखालच्या मुलांसाठी विकायची नाही, ही त्यातलीच. चौथं चाक लावल्यावर प्रश्न मिटला असता तर ही अट कशाला घातली असती? तिथे आजही दरवर्षी शेकडो माणसं या गाड्यांवर मरतात, आणि गाडी अंगावर उलटणं हे त्यातलं मोठं कारण.

उलटते कशी ते नीट बघा. गाडी उंच आणि अरुंद, वजन वर. बऱ्याच लहान गाड्यांमध्ये मागची दोन्ही चाकं एकाच सळईवर, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरेन्शियल नाही, म्हणजे दोन्ही चाकं सारखीच फिरतात. मऊ वाळूत ते खपतं. ओल्या, कडक वाळूवर जोरात वळवली की आतलं चाक उचललं जातं. चालवणाऱ्याने अंग आत झोकायचं असतं, मोठ्या माणसाच्या गाडीवर सात वर्षांचं पोर किती झोकणार? त्यात मागे अजून कोणाला बसवलं तर संपलंच. वर पंक्चरवाला सवयीने तीस पाउंड हवा मारतो. या टायरला पाच-सहा पाउंड पुरते. टणक फुगवलेला टायर प्रत्येक खळग्यावर उडतो.

आणि थ्रॉटल. बाइकसारखी मूठ पिळायची नसते, अंगठ्याने खटका दाबायचा असतो. पोर घाबरलं की हँडल घट्ट आवळतं. घट्ट आवळलं की अंगठा दाबला जातो आणि गाडी अजून सुसाट सुटते. म्हणून मुलांच्या गाडीत थ्रॉटलच्या डबीवर वेग बांधायचा एक छोटा स्क्रू असतो आणि ओढताच इंजिन बंद करणारी दोरी असते. भाड्याच्या गाड्यांवरची ही दोरी बहुतेक वेळा तुटलेली असते, आणि तिच्याबद्दल विचारत माझ्या दुकानात आजवर कोणी आलेलं नाही. बेल्टसाठी येतात.

राहिलं पासिंग. ते जपानी-अमेरिकी बघून होत नसतं, त्या मॉडेलला मंजुरी असावी लागते. 2019 मध्ये पोलारिसने स्पोर्ट्समन 570 ट्रॅक्टर या वर्गात मंजूर करून आणली, म्हणून ती रस्त्यावर येऊ शकली. ज्यांना अशी मंजुरी नाही त्या घरापासून बीचपर्यंतही ट्रॉलीवरूनच न्यायच्या. तेव्हा विकणारा "करून देतो" म्हणाला तर आधी आरसी दाखव म्हणावं, टोकन नंतर. आणि भावा, गाडी बघायला जाशील तेव्हा मागचं चाक जमिनीवरून उचल, दोन्ही हातांनी धरून हलव. खुळखुळलं तर बेअरिंगवरचा नंबर मला पाठव, सकाळच्या बोटीने देतो. आणि इंजिन बंद करायची दोरी आहे का, तेही बघ.