गावाले जाऊन राहिले? हे शब्द सोबत न्या

विदर्भात, म्हणजे वऱ्हाडात किंवा झाडीपट्टीत, चार दिवस मुक्काम ठोकायचा आणि एकाही माणसाचं डोकं उठवायचं नाही, हा शुद्ध करंटेपणा आहे. एसटीचे पैसे वाया. लेकराबाळांसाठी बाकरवडी नेली नाही तरी चालेल, पण शब्द भरपूर न्या. त्यांना तिकीट पडत नाही.

सुरुवात ताटापासून करा. अंगणात गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे टाकलेले असतील, बाजूला वांग्याच्या भाजीचा भला मोठा गंज रटरटत असेल आणि काकूंच्या डोळ्यांत धूर गेलेला असेल. हीच वेळ. पुढे होऊन म्हणा, ‘वॉव, किती ऑथेंटिक!’ काकू म्हणतील, ‘हो न बाप्पा,’ आणि पदराने डोळे पुसतील. तेवढ्यावर सोडू नका. रोडग्यावरची राख झटकताना ‘स्मोकी फ्लेवर’ म्हणा आणि त्याच दमात ‘पण हायजिनिक आहे ना?’ हेही विचारा. वरणात रोडगा चुरला, वर तुपाची धार सुटली, की ‘कॅलरीज’ हा शब्द काढा. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई समोर जेवायला बसलेली असेल तर त्याची लज्जत वेगळीच. राहता राहिला ‘यम्मी’. तो साठीच्या पुरुषानेच म्हणावा. लहान पोट्ट्यांच्या तोंडी तो बरा वाटतो, म्हणून उपयोगाचा नाही.

भाकरीला भाकर म्हणू नका. ‘मिलेट’ म्हणा. ज्वारी-बाजरीला कोणी विचारत नव्हतं, ते संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांना दिलं आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात त्यांचं ‘श्री अन्न’ असं बारसंही झालं. नावापुढे श्री लागलं, भावापुढे काही लागलं नाही. त्या हंगामाचा संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,१८० रुपये, म्हणजे किलोला बत्तीसच्या आत. ज्या घरात तुम्ही जेवताय त्याच्या वावरात बहुधा सोयाबीन असतं आणि भाकरीची ज्वारी दुकानातून येते, पण यजमान हे सांगणार नाहीत. पाहुण्याचा हिरमोड कशाला करायचा? तुम्ही मात्र ‘सुपरफूड’ म्हणा, आणि जरा मोठ्याने म्हणा, मार्केट यार्डापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. जवसाच्या चटणीला फ्लॅक्ससीड आणि मुंगन्याला, म्हणजे शेवग्याला, मोरिंगा म्हटलंत की ताटाचं काम संपलं.

हात धुतल्यावर भाषेकडे वळा. ‘तुमची मराठी किती क्यूट आहे!’ हे वाक्य सत्तर वर्षांच्या आजोबांना उद्देशून म्हणावं. त्यांनी ‘काय करून राहिले?’ असं विचारलं की आधी हसा, मग दुरुस्त करून द्या. इकडे सांभार म्हणजे कोथिंबीर; कोणी ‘सांभार आन व थोडा’ म्हणालं की ‘इडली कुठंय?’ असं विचारा. गावाने हा विनोद आजवर कधीच ऐकलेला नाही, अशा भरवशाने विचारा. अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरला महानुभावांनी तेराव्या शतकात मराठी गद्य लिहिलं, सरकारने मराठी भाषेचं विद्यापीठही तिथेच काढलं, असल्या माहितीने डगमगू नका. आजोबांनाही ती ठाऊक असते, पण ते बोलत नाहीत. सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात असतो.

पुढचा शब्द जपून वापरा, म्हणजे नेमका जेवताना वापरा. ‘तुमचा जिल्हा तो आत्महत्याग्रस्त वाला ना?’ समोरच्याचा हात ताटात थांबतो. बातमीत हा शब्द जिल्ह्याला लागतो, ओसरीवर तो घराला लागतो. कोणाच्या भिंतीवर कोणाचा हार घातलेला फोटो आहे, हे आधी बघून ठेवण्याची काहीच गरज नाही. बघणारे हा प्रश्न विचारत नसतात.

त्यानंतर ‘पॅकेज’. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, तेव्हापासून इकडे या शब्दाने कोणाचे कान टवकारत नाहीत. तुम्ही मात्र आपल्या पोराचं पॅकेज सांगा, तेही लग्न न जमलेल्या शेतकरी पोरासमोर. मुलीचा बाप त्यालाही हेच विचारून गेलेला असतो. आजकाल वावर पाहिजे असते, वावरात राबणारा जावई नको असतो. ‘बळीराजा’ आणि ‘पोशिंदा’ हे दोन शब्द माईकशिवाय उच्चारू नका. नुसत्या तोंडाने म्हटले तर लोक आधी खिसा चाचपतात.

गावकरी बिचारे हे सगळं मुकाट्याने सोसतात असं समजू नका. त्यांच्याकडे घरचं हत्यार आहे, ‘बाकी?’ पाऊसपाणी झालं, तुरीचा भाव झाला, कोणाची म्हैस व्याली तेही झालं, आणि समोरचा माणूस भिंतीला टेकून शांतपणे म्हणतो, ‘बाकी?’ तुम्ही काहीतरी सांगता. तो ऐकतो, मान हलवतो. ‘बाकी?’ तुमचं सगळं आयुष्य सांगून झालं तरी त्याची बाकी उरतेच. बरं, तो उठूनही जात नाही.

दुसरं हत्यार म्हणजे ‘गरिबाचं गोड मानून घ्या’. दारात नवा ट्रॅक्टर, आत तीन भाज्या, दोन चटण्या, कढी-गोळे, वर श्रीखंड, आणि हे वाक्य! तुम्ही पोट धरून उठायला लागलात की आतून आवाज येतो, ‘तुमी तं काईच नाई खाल्लं.’ याला उत्तर नाही. फार तर आणखी एक रोडगा.

निघताना ‘चला, निघतो आता’ एवढंच म्हणा आणि बसून राहा. तासाभराने पुन्हा म्हणा. तिसऱ्यांदा म्हटल्यावर काकू हातातलं काम टाकून उठतील, ‘चाहा तं घ्या, बिनचाह्याचं कसं जाता?’ तेव्हा नको म्हणू नका, तो उद्धटपणा होईल. चहा कपात ओतून, ट्रेमध्ये ठेवून, सगळ्यांना फिरवून तुमच्यापर्यंत येऊ द्या. मग म्हणा, ‘माझा विदाऊट शुगर हं.’