‘मिठात पाणी मारतात’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. उरलेली पिशवी घेऊन या, बदलून देते, नाहीतर पैसे परत घ्या. त्यात वाद नाही.

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की मीठ ओलं निघालं, पिशवीच्या तळाला पाणी साचलं, रंग मळकट आहे, ६० रुपये किलो म्हणजे लूट आहे, आणि वजन वाढवायला हे लोक मिठात पाणी मारतात. बाकीचं मी ऐकून घेतलं असतं. हे शेवटचं नाही ऐकून घेता येत. लेकाने रात्री मोबाईलवर दाखवलं, सकाळपर्यंत ते भिशीच्या ग्रुपवर फिरलं होतं आणि लिंबाच्या लोणच्यासाठी मीठ सांगून ठेवलेल्या दोघींनी ‘आता राहू दे’ म्हणून कळवलं. आमचं छोटं दुकान आहे, ताई. चार माणसं तोंडाने सांगतात त्यावर चालतं.

आता हिशोबच बघू. तुम्हीच लिहिलंय की तिसऱ्या दिवशी घरच्या काट्यावर पिशवी ५ किलो ८० ग्रॅम भरली. दुकानात तुमच्यासमोर बरोबर ५ किलो केलं होतं. ‘वर मूठभर घाला की’ असं तुम्ही म्हणालात आणि मी घातलं नाही, तुम्हाला आठवत असेल. म्हणजे ते वरचे ८० ग्रॅम तुमच्या घरी गेल्यावर वाढले. त्याचे पैसे मी घेतलेच नाहीत. पाणी मारून वजन वाढवायचं असतं तर ते माझ्या काट्यावर वाढायला हवं होतं ना? तुमच्या काट्यावर वाढून मला काय मिळणार?

ते पाणी हवेतलं आहे. तुम्ही मीठ नेलंत त्या आठवड्यात गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत पाण्यात होता, सगळ्या नाशिकला ऊन दिसलं नव्हतं. समुद्राच्या खड्यामिठात थोडं मॅग्नेशियम राहतं, आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. पाकिटातलं बारीक मीठ कारखान्यात धुऊन घेतात आणि ते मोकळं राहावं म्हणून त्यात एक पदार्थ घालतात; बऱ्याच पाकिटांच्या मागे ५३६ हा आकडा असतो तो त्याचाच. त्याला सरकारची परवानगी आहे, ते वाईट असं मी म्हणत नाही. आम्ही घालत नाही, एवढंच.

म्हणून तर मी काउंटरवर सांगितलं होतं, ताई, की घरी गेल्यावर लगेच चिनी मातीच्या नाहीतर काचेच्या बरणीत भरा, झाकण घट्ट लावा, ओला चमचा घालू नका. तुम्ही फोनवर होतात. ‘मीठ कसं ठेवायचं ते माहितीय आम्हाला’ असंही म्हणालात. रिव्ह्यूला जोडलेल्या फोटोत पिशवी सिंकच्या शेजारी आहे, तोंड नुसतं दुमडून त्याला कपड्याचा चिमटा लावलाय आणि मागे जाळीवर ओले नॅपकिन वाळत घातलेत. मी टोमणा मारत नाहीये. फोटो तुम्हीच टाकलाय.

हे मीठ माझ्या माहेरचं आहे, वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याचं. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तेच शिरोडे. आमच्या घरातलं कोणी त्यात होतं असं काही नाही, उगाच मिरवत नाही. पण आजोबा मिठागरातच राबले, मग बाबा, आता दादा. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हावर आटवायचं. पाणी किती खारं आणि दाट झालं ते बोमे मापावर मोजतात; समुद्राचं पाणी त्यावर साधारण ३ अंश असतं, ते २५ अंशांवर आलं की खडा धरायला लागतो. ३० च्या आत उरलेलं कडू पाणी सोडून द्यायचं, ते मॅग्नेशियम त्यातच असतं, नाहीतर तेच कडू मीठ खड्याला चिकटतं. मग लाकडी फळीने मीठ हलक्या हाताने ओढायचं. जोर लागला तर खालचा चिखल वर येतो. तुम्ही मळकट म्हणालात तो रंग त्या मातीच्या तळाचा. मे महिन्यात, वळवाच्या आधी, रास झाकायची घाई असते. बाबांच्या टाचांच्या भेगांत मीठ भरायचं, तर रात्री आई कोमट पाण्याने धुऊन खोबरेल तेल लावायची आणि ते दात आवळून बसायचे. त्या घरातलं मीठ मी पाणी मारून विकीन?

दादाला फोनवर हे वाचून दाखवलं तर तो हसायलाच लागला. ‘पाणी मारला तर मीठच विरघळान जातला’ म्हणाला. मला काही हसू आलं नाही.

भावाचं म्हणाल, तर मजुरी, निवडणं, तिथून नाशिकपर्यंतचं भाडं, सगळं त्या ६० मध्ये आहे, आणि भाव दारावर लिहिलेला आहे. ‘नैसर्गिक म्हणता, मग आयोडीन कशाला’ असंही तुम्ही विचारलंय. आयोडीन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे, म्हणून. ते फवारून लावतात हे खरं, पण ते किलोमागे मिलिग्रॅममध्ये असतं आणि मीठ वाळवूनच पिशवीत भरतात.

एक गोष्ट मात्र आहे. रास जितकी जुनी तितकं तिच्यातलं कडू पाणी निथळून गेलेलं असतं. जुलैत मिळतं ते याच मोसमाचं, नवं, म्हणून ओल लवकर धरतं. मागच्या वर्षीचं लग्नसराईतच संपलं. पुढच्या वेळी पावसाळ्यासाठी थोडं जुनं मीठ मागे ठेवायचं दादाशी बोलते आहे. जाड पिशव्यांचंही बघतोय.

दुपारी दीड ते साडेचार दुकान बंद असतं, ती वेळ सोडून कधीही या. आणि ताई, स्टार एकच राहू दे, ओल आली हेही राहू दे. ‘पाणी मारतात’ एवढं वाक्य तेवढं काढा.